जमिनीलगतची गाडी आणि मावळचा रस्ता

व्यापारी घरात कोणतीही मोठी वस्तू घ्यायची झाली की तीन प्रश्न ठरलेले असतात : किंमत काय, टिकेल किती आणि उद्या विकायची वेळ आली तर हातात काय पडेल. गाडीच्या बाबतीत मात्र अलीकडे हे तिन्ही प्रश्न मागे सरले असून नव्या पिढीचा एकच प्रश्न पुढे आला आहे : पळते किती? या प्रश्नाला शोरूममध्ये तत्परतेने उत्तर मिळते. अश्वशक्ती सांगितली जाते, शून्यापासून शंभराचा वेग किती सेकंदांत गाठते तेही सांगितले जाते. पण आपल्या मावळात रोज वापरायच्या गाडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो क्वचितच कोणी विचारतो. ही गाडी जमिनीपासून किती उंच आहे?

या महिन्याचे सदर या एका प्रश्नाभोवती आहे. विषय वरवर हौसेचा वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातील आपल्या अनेक घरांत बसक्या, चपळ स्पोर्ट्स सेडान आल्या आहेत आणि त्यांच्यासोबत घरोघरी काही नवे वादही आले आहेत. मुलगा म्हणतो, यासारखी गाडी नाही. वडील म्हणतात, यापेक्षा टेम्पो बरा. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असते. म्हणून हिशेब नीट मांडून पाहावा, इतकाच येथे हेतू आहे.

एक गाडी, सारे घर

आमच्या वडिलांच्या पिढीत अँबॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी पद्मिनी, यांपैकी एक गाडी घरात असे आणि तीच सर्व कामांना पुरी पडे. सकाळी तिच्यात मालाचे नमुने जात, दुपारी दवाखान्याची खेप होई, सायंकाळी घरातील वडीलधारी मंडळी दर्शनाला जात आणि लग्नसराईत तिलाच फुलांच्या माळा चढत. गाडी कोणाची, हा प्रश्नच नव्हता. ती घराची होती. तिच्यात वेग नव्हता, पण घरातील कोणी तिच्याबाहेर राहत नसे.

पुढे रस्ते बदलले. सन 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. सुमारे 94.5 किलोमीटरचा, सहा पदरी, सिमेंट काँक्रीटचा हा रस्ता मावळच्या पोटातून, उर्से, कामशेतचा बोगदा, कुसगाव असा जातो. त्याच सुमारास परदेशी बनावटीच्या सेडानही आपल्याकडे रुळू लागल्या. चार दारांच्या, मागे प्रशस्त डिकी असलेल्या, दिसायला कुटुंबवत्सल पण धावायला शर्यतीच्या, अशा गाडीची चव अनेकांना 2004 मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसने लावली. हीच आरएस 2020 मध्ये पुन्हा आली तेव्हा साऱ्या देशासाठी अवघ्या 200 गाड्या होत्या. शेजारच्या खेड तालुक्यातील चाकणला 2009 पासून मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने उभे राहिले. ज्या गाड्या पूर्वी चित्रांत दिसत, त्या आता आपल्या टोलनाक्यावर आपल्या पुढे उभ्या असतात. तेव्हा तरुणांना त्यांचे आकर्षण वाटले तर त्यात नवल नाही.

आमच्या एकत्र कुटुंबातही अशी एक गाडी तीन वर्षांपासून आहे. पुतण्या कामशेतहून रोज लोणावळ्याच्या दुकानी जातो, आठवड्यातून दोनदा पुण्याच्या मार्केट यार्डात जातो आणि हंगामात भाताच्या व्यवहारासाठी पवन मावळ, नाणे मावळातील गावांतून फिरतो. म्हणजे द्रुतगती मार्ग, जुना महामार्ग, घाट, बाजारपेठ आणि गावरस्ता, असे पाचही प्रकार त्या गाडीच्या वाट्याला येतात. पुढील निरीक्षणे या वापरातून आलेली आहेत.

दहा सेंटीमीटरचा हिशेब

गाडीचा तळ आणि रस्ता यांमधील सर्वांत कमी अंतर म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची. आपल्या देशातील रस्ते ओळखून चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या सेडानना 179 मिलिमीटर उंची दिलेली आहे. खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स सेडानमध्ये हीच उंची 130-140 मिलिमीटरपर्यंत, काहींत त्याहूनही खाली येते. चार-पाच सेंटीमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. शिवाय कागदावरील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. चार मोठी माणसे आणि डिकीत सामान ठेवले की स्प्रिंग दबतात आणि गाडी आणखी तीनएक सेंटीमीटर खाली बसते. एकट्याने जाताना जो गतिरोधक सहज ओलांडला, तोच रविवारी सहकुटुंब जाताना खालून खरवडतो, याचे कारण हेच.

येथे गतिरोधकाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे. गोलाकार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सुखाने जाते. आता 2.7 मीटर अंतरावर चाके असलेली सेडान या गतिरोधकावर मधोमध आली असे समजू. दोन्ही चाके उंचवट्यावरच असल्याने, चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर उंचवटा जेमतेम साडेपाच सेंटीमीटर येतो. तेव्हा 13 सेंटीमीटर उंचीच्या गाडीलाही तो स्पर्श करू शकत नाही. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक बुटक्या गाडीचा शत्रू नाहीच. शत्रू आहे तो एका रात्रीत टाकलेला, हातभर रुंदीचा आणि वीतभर नाही तरी त्याच्या जवळ पोहोचणारा डांबराचा बांध. तो चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावतो आणि त्याची सारी उंची गाडीच्या पोटाला लागते. शाळेपुढे, मंदिरापुढे, वळणावर असे बांध गावकऱ्यांनी घातलेले असतात. त्यामागे कोठेतरी एखादा अपघात झालेला असतो. त्यांच्यावर रागावण्यापेक्षा ते योग्य मापाने बांधून मिळावेत म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज करणे हेच शहाणपणाचे.

पुतण्याने या अडचणीवर जो उपाय केला तो पाहून आमच्यातील जुन्या मुनिमांनाही समाधान वाटले असते. त्याने पहिल्याच आठवड्यात एक वही घातली. दुकान ते घर, घर ते यार्ड, घर ते गाव, अशा प्रत्येक वाटेवरील गतिरोधक, रेल्वे फाटकांचे उंचवटे, पेट्रोल पंपांच्या उतरणी आणि दुकानामागील गल्लीचा चढ त्याने एकेक करून नोंदवले. प्रत्येकापुढे शेरा : ‘सरळ’, ‘तिरके’, ‘एकट्यानेच’, ‘जाऊ नये’. महिन्याभरात वहीची गरज उरली नाही, कारण ती पाठ झाली. परंतु घरातील दुसरे कोणी ती गाडी घेऊन निघाले की आधी वही वाचते, हा नियम आजही आहे.

वहीबरोबर दोन सवयी लागतात. पहिली ही की ब्रेक गतिरोधकाच्या अलीकडे दाबून वेग कमी करावा आणि चाक चढण्यापूर्वी ब्रेक सोडावा. दाबलेल्या ब्रेकवर गाडी नाक खाली घालते आणि नेमका पुढचा बंपर आपटतो. दुसरी ही की उंच बांध तिरक्या रेषेत ओलांडल्यास चाके एकामागून एक चढतात आणि पोट वाचते. मात्र तिरके जाताना आपण समोरून येणाऱ्याच्या बाजूस शिरतो. तेव्हा आरशात आणि समोर, दोन्हीकडे वाट मोकळी असेल तरच हे करावे. बंपर वाचवण्यासाठी दुचाकीस्वाराला रस्त्याबाहेर घालवणे हा कोणत्याही मापाने तोट्याचा व्यवहार आहे.

बुटकेपणाचे गुण

इतके वाचून ज्येष्ठ मंडळी म्हणतील, मग असली गाडी घ्यावीच कशाला? त्याचेही उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. जी गाडी जमिनीलगत असते तिचा भारमध्यही खाली असतो. वळणावर ती कमी झुकते, अचानक चुकवाचुकवी करावी लागली तर सावरते आणि उलटण्याचा धोका उंच गाडीपेक्षा तिला कमी असतो. बोरघाटात, जेथे पहिला गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला आणि 1863 मध्ये रेल्वे चढली, तेथील वळणे अशा गाडीतून उतरताना मागे बसलेल्यांचे अंग इकडून तिकडे फेकले जात नाही. आमच्याकडे घाटात हमखास उलटी होणारी एक भाची आहे. या गाडीत ती निवांत झोपते. हवेला सामोरा जाणारा भाग कमी असल्याने मोठ्या रस्त्यावर तितक्याच शक्तीच्या उंच गाडीपेक्षा इंधनही कमी जाते. आणि रोज शंभरएक किलोमीटर गाडी चालवणाऱ्या माणसाला चालवण्यात आनंद वाटणे, हेही काही थोडे नाही. कंटाळलेला चालक पेंगतो. मन लावून चालवणारा जागा राहतो.

परंतु याच गुणांत एक फसवणूक दडलेली आहे. ही गाडी वेगाची जाणीवच होऊ देत नाही. ताशी 120 ला ती 80 इतकी शांत असते. द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी आहे आणि आता ती कॅमेऱ्यांनी मोजली जाते. दंडाची पावती ही त्यातील सर्वांत स्वस्त शिक्षा होय. शिवाय बसक्या गाडीतील चालकाचे डोळे खाली असतात. पुढच्या गाडीच्या पलीकडचे त्याला दिसत नाही आणि घाटात खालच्या गिअरवर कण्हत चढणाऱ्या कंटेनरच्या चालकाला शेजारी आलेली ही गाडी आरशात दिसत नाही. म्हणून ट्रकच्या बाजूला रेंगाळू नये; मागे राहावे किंवा निर्धाराने पुढे जावे. उतारावर ब्रेकवर सारा भार न टाकता खालचा गिअर धरावा. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीतही हाताने गिअर धरून ठेवण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा.

पहाटेच्या वेळी जुन्या महामार्गाच्या कडेने पायी चालणारे बरेच असतात. दूधवाले, कामावर निघालेले मजूर, आळंदी-देहूकडे निघालेल्या दिंड्या आणि विहार करणारे आपले साधु-साध्वी. धुके असेल तर पांढरे वस्त्रही दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. अशा वेळी वेगवान गाडीचा मालक म्हणवणाऱ्याने सर्वांत हळू जावे, यातच त्याचे कौशल्य आहे.

चार महिने पाण्याचे

मावळातील गाडीची खरी परीक्षा आषाढात सुरू होते. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी 4000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो; अवघ्या 65 किलोमीटरवरील पुणे शहरात तो 700 च्या आसपास असतो. म्हणजे पुण्याच्या शोरूममध्ये मिळालेला सल्ला लोणावळ्याला पुरेसा नसतो.

पहिली गोष्ट टायरची. स्पोर्ट्स सेडानचे टायर रुंद आणि त्यांच्या भिंती आखूड असतात. टायरवरील आकड्यांत त्याचे उत्तर लिहिलेलेच असते. 185/65 या टायरची भिंत 120 मिलिमीटर उंच असते. 225/40 ची फक्त 90. मधली ही 30 मिलिमीटर हवा म्हणजे खड्ड्याचा धक्का झेलणारी उशी होय. ती कमी झाली की धक्का सरळ रिमला पोहोचतो. रिम वाकते किंवा टायरची भिंत फाटते. भिंतीला पडलेली चीर पंक्चरवाल्याला जोडता येत नाही. त्यातून अशा काही गाड्यांत पूर्ण मापाचे जादा चाक नसते, फक्त फवाऱ्याची डबी आणि हवेचा छोटा पंप असतो. रात्री दहा वाजता घाटमाथ्यावर त्या डबीचा उपयोग नाही. तेव्हा गाडी ठरवतानाच डिकीचा तळ उघडून जादा चाक आहे की नाही ते पाहावे. साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे हे कोणालाच कळत नाही; म्हणून पाणी दिसले की तेथे खड्डा आहे असेच धरून चालावे.

रुंद टायर कोरड्या रस्त्यावर पकड वाढवतो. पण साचलेल्या पाण्यावर, नक्षी झिजली असेल तर, तोच लवकर तरंगू लागतो. सुकाणू एकाएकी हलके लागले की समजावे, चाक रस्त्यावर नाही, पाण्यावर आहे. तेव्हा ब्रेक न दाबता पाय हळूच उचलावा आणि सुकाणू सरळ धरावे. कायद्याने नक्षी किमान 1.6 मिलिमीटर लागते. परंतु मावळात ती 3 मिलिमीटरवर आली की पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावेत. दर आठवड्याला, गाडी थंड असताना हवा तपासावी. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि त्यास खर्च नाही.

दुसरी गोष्ट वाहत्या पाण्याची. गेल्या श्रावणातील एक संध्याकाळ सांगण्यासारखी आहे. पुतण्या पवन मावळातील एका शेतकऱ्याकडे हिशेब मिटवून परतत होता. तासाभराच्या पावसाने साकवावरून पाणी वाहू लागले होते. पलीकडून एक ट्रॅक्टर आला, मागोमाग एक जीप गेली. काठावरची माणसे हाताने खुणावत होती, “या शेठ, जाईल गाडी!” त्याने गाडी मागे घेतली, ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात लावली आणि घरी फोन केला, “आज इकडेच राहतो.” सकाळी पाणी ओसरले, तेव्हा साकवाच्या एका बाजूची माती वाहून गेलेली दिसली. त्या रात्री त्याने काही पराक्रम केला नाही, म्हणूनच त्याच्या आईला आम्ही ती गोष्ट हसत सांगू शकलो.

यामागील यंत्रशास्त्रही जाणून घ्यावे. बुटक्या गाडीत इंजिनाला हवा पुरवणारी नळी खाली असते. त्या वाटेने पाणी आत गेले तर, हवा दाबली जाते पण पाणी दाबले जात नाही या साध्या कारणाने, इंजिनातील दांडे वाकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न हाच बहुतेक वेळा शेवटचा घाव ठरतो. ती ढकलून बाहेर काढावी आणि उचलून गॅरेजला न्यावी. विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत असे इंजिनाचे नुकसान सहसा भरून मिळत नाही; त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पॉलिसीचे नूतनीकरण आपण पावसाळ्यापूर्वी करत असाल, तर ती ओळ आहे की नाही हे चष्मा लावून पाहावे.

बाकी पथ्ये लहान आहेत. भाताच्या लावणीत ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल आणतात. तो तळाच्या आवरणात साठतो आणि आवरणाच्या खिट्ट्या तुटतात, म्हणून आठवड्याला एकदा खालून पाण्याचा फवारा मारावा. समोरच्या काचेखालच्या जाळीत लोणावळ्याच्या झाडांची पाने कुजून पाण्याची वाट अडते आणि पाणी गाडीच्या आत उतरते. ती पाने हाताने काढावीत. चार दिवस गाडी बंद राहिली तर आत बुरशी धरते; दिवसातून थोडा वेळ दारे उघडून ठेवावीत. तळाला फटका बसून इंजिनाचा चेंबर फुटला, तर तेलाचा दिवा लागताच इंजिन बंद करावे. ‘पुढच्या वळणापर्यंत नेऊ’ या विचाराने हजारांचे काम लाखांवर जाते. आणि मृगाच्या पहिल्या पावसात रात्री खेकडे, बेडूक रस्त्यावर येतात. आपल्या घरांत ‘जयणा’ हा शब्द पाणी गाळण्यापासून पाऊल टाकण्यापर्यंत सर्वत्र वापरला जातो. चाकालाही तो लागू आहे. ताशी 30 ने जाणाऱ्याला रस्त्यावरील जीव दिसतो, 80 ने जाणाऱ्याला दिसत नाही.

गाडीत कोण बसत नाही?

आतापर्यंतचा हिशेब यंत्राचा झाला. खरा हिशेब पुढेच आहे.

गाडी आली त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत आमच्या मातोश्री दर्शनाला जाण्याचे टाळू लागल्या. वय 82, दोन्ही गुडघे दुखरे. “आज नको, ऊन आहे,” “आज घरूनच हात जोडते,” असे काहीतरी त्या सांगत. कोणाला काही विशेष वाटले नाही. थोरल्या सूनबाईंच्या मात्र लक्षात आले की नातेवाइकाची उंच गाडी दारात आली की त्या चटकन तयार होतात. त्यांनी एकांतात विचारले, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, “अगं, त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. उतरले तरी चढायचं कसं? आणि मला ओढून काढताना मुलाला वाईट वाटतं. त्याची हौस आहे, मी कशाला बोलू?”

ही गोष्ट यासाठी लिहिली की अनेक घरांत ती घडत असेल आणि कोणी बोलत नसेल. घरातील खुर्चीची बैठक साधारण 45 सेंटीमीटर उंच असते. स्पोर्ट्स सेडानची बैठक जमिनीपासून तेवढी किंवा त्याहून खाली असते. शिवाय ती मागे कललेली आणि दोन्ही कडांनी उंच असते. तरुण कंबरेला ती मिठी मारते, वृद्ध गुडघ्याला ती अडकवते. वर छप्पर उतरते असल्याने डोके वाकवावे लागते. फुटपाथला लागून गाडी उभी केली तर पाय उंचावर आणि बैठक खाली, अशी अधिकच पंचाईत होते. दाराची खालची कडाही फुटपाथला घासते.

पुतण्याला हे कळले त्या संध्याकाळी तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानेच घरातील मंडळींसमोर तोडगा मांडला. घरातील दहा वर्षे जुनी उंच गाडी विकायचे ठरले होते, ते रद्द झाले. गाडी रोज अंगणात पुढे उभी राहील, तिची किल्ली देवघराबाहेरील खुंटीवर राहील आणि मातोश्रींनी मागितली की तिच्यासाठी दुसरे कोणतेही काम थांबेल, असे ठरले. पर्युषणात सर्वांना एकत्र जायचे असते तेव्हा बसकी गाडी घरीच राहते. नाही तरी पाच माणसांनी ती गतिरोधकावर टेकतेच. मातोश्रींना क्वचित तिच्यात बसावेच लागले, तर गाडी सपाट जागी, फुटपाथपासून दूर उभी केली जाते, बैठकीवर घट्ट गादी ठेवली जाते आणि त्या आधी आडव्या बसून मग दोन्ही पाय आत घेतात. ही पद्धत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या कोणासही उपयोगी पडेल.

याच संदर्भात आपल्या घरांतील आणखी एक बाब. अशा गाड्यांची बैठक अनेकदा चामड्यासारखी दिसते. काहींत ती कृत्रिम असते, काहींत खरी. बैठक कृत्रिम असली तरी सुकाणूवरचे आणि गिअरच्या मुठीवरचे आवरण खऱ्या चामड्याचे असू शकते. विक्रेत्याच्या तोंडी ‘लेदर’ हा शब्द दोन्हींसाठी येतो. ज्यांना चामडे नको असेल त्यांनी मागणी नोंदवतानाच बैठक, सुकाणू आणि मूठ या तिन्हींविषयी स्वतंत्रपणे, लेखी विचारून घ्यावे. गाडी दारात आल्यावर हा प्रश्न निघाला तर त्याचे समाधानकारक उत्तर उरत नाही.

घ्यावी की न घ्यावी?

तीन वर्षांच्या अनुभवानंतर आमचे मत असे बनले आहे. जमिनीलगतची गाडी मावळात रोज वापरता येते. ती नाजूक आहे, पण निरुपयोगी नाही. मात्र ती घराची एकमेव गाडी असू नये. आणि असणारच असेल तर 170-180 मिलिमीटर उंचीची साधी सेडान घेऊन शक्तीची हौस इंजिनात भागवावी. जिची वाट मुख्यत्वे द्रुतगती मार्गाची आणि शहराची आहे, जिचा मालक वहीत नोंद करण्याइतका चिकाटीचा आहे आणि जिच्यासाठी दरवर्षी टायर, रिम आणि तळाच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी काढता येते, ती गाडी सुखाने नांदेल. ज्याला दर दोन दिवसांनी गावरस्त्यावर जायचे आहे, ज्याचे दुकान उभ्या चढाच्या गल्लीत आहे, किंवा ज्याच्या घरात दोन पिढ्या गुडघ्यांच्या दुखण्याने बसल्या आहेत, त्याने ती दुसऱ्याची पाहून आनंद मानावा.

खरेदीपूर्वीची परीक्षा सोपी आहे. शोरूमने दिलेली चाचणीची फेरी त्यांच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. गाडी आपल्या वाटेवर मागावी : घरापासून दुकानापर्यंत, दुकानामागच्या गल्लीतून, फाटकावरून, घराच्या उतरणीवर, आणि एकट्याने नव्हे, चार माणसे बसवून. जेथे तळ टेकतो ती जागा लक्षात ठेवावी आणि वर्षातून ती किती वेळा वाटेत येणार ते मोजावे. पावसाळ्यात घेता आली तर आणखी उत्तम.

आणि त्या फेरीला निघताना पुढच्या आसनावर मित्राला बसवू नये. घरातील सर्वांत वयस्कर माणसाला बसवावे. त्यांना बसायला आणि उठायला किती वेळ लागतो, हात कोठे टेकावा लागतो, चेहऱ्यावर काय उमटते, ते शांतपणे पाहावे. त्यांनी तोंडाने “छान आहे गाडी” असेच म्हटले, तरी उत्तर त्याआधीच मिळालेले असेल.